पांढऱ्या ठिपक्यांचा बंदोबस्त
माशाच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे शुभ्र कण दिसू लागले आणि तो तळच्या वाळूवर वारंवार अंग घासू लागला, की ‘इक’ नामक एकपेशीय परजीवीने त्याच्या त्वचेखाली ठाण मांडले असे बहुधा समजावे. तेथे त्यास औषध पोहोचत नाही. पक्व होऊन तो गळतो, तळाशी कोशात शेकडो पिलांत विभागतो, आणि ती पिले आश्रयाच्या शोधात पाण्यात हिंडतात, तेवढे एक-दोन दिवसच इलाज लागू पडतो. म्हणून ठिपके मावळल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवावा: पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत तापवावे आणि, उष्णतेने प्राणवायू घटत असल्यामुळे, हवेचा पंप अखंड चालवावा. टाकीतले पाणी बदलताना मात्र ध्यानात असावे: छत्रपती संभाजीनगरात नळाला येणारे नाथसागर जलाशयाचे पाणी क्लोरीनयुक्त. ते दिवसभर उघड्या बादलीत ठेवून, हिवाळ्यात कोमट करूनच टाकीत घालावे, यात कसूर नको.