तेजोमेघाचे छायाचित्र

हिवाळ्यातील रात्री तुम्ही मृग नक्षत्र नक्कीच पाहिले असेल. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आणि त्याच्या मध्ये एका ओळीत तीन तारे, अशी त्याची सोपी खूण आहे. अरब ज्योतिर्विद या आकृतीला ‘अल्-जब्बार’ म्हणजे बलाढ्य पुरुष म्हणत. चौकोनातील एका तेजस्वी ताऱ्याला मराठीत राजन्य आणि इंग्रजीत रायजेल म्हणतात. रायजेल हा शब्द इंग्रजी वाटतो, पण तो अरबीतील ‘रिज्ल’ म्हणजे पाय या शब्दापासून आला आहे. तो जब्बारचा पाय!

आता मधल्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला पाहा. तेथे आणखी तीन फिकट तारे दिसतील. ही जब्बारची तलवार. त्यांतील मधला ठिपका इतर ताऱ्यांसारखा रेखीव नाही. काचेवर बोट फिरवावे तसा जरा पुसट आहे. तो तारा नव्हे. तो वायू आणि धूळ यांचा प्रचंड ढग आहे. मराठीत त्याला तेजोमेघ म्हणतात, उर्दूत सहाबिया. मेघ म्हणजे ढग आणि सहाब म्हणजेही ढग. या ढगात नवे तारे जन्मतात आणि त्यांच्याच प्रकाशाने तो उजळतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १,३०० वर्षे लागतात. आज रात्री तुमच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश तेथून निघाला, तेव्हा दमास्कसला उमय्या खलिफांचे राज्य होते.

पुस्तकात या तेजोमेघाचे चित्र गुलाबी, जांभळे, मोठे सुंदर असते. मग एखाद्या दिवशी मुले दुर्बिणीला डोळा लावतात आणि निराश होतात. दिसतो तो राखाडी, किंचित हिरवट धूसर डाग. “सर, रंग कुठे आहेत?” असा प्रश्न येतोच. प्रश्न योग्य आहे. चित्र खोटे की डोळा?

दोन्ही खरे आहेत. आपला डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. क्षणात जेवढा प्रकाश आला, तेवढ्याचे चित्र तो मेंदूकडे पाठवतो आणि पुन्हा नव्याने सुरुवात करतो. शिवाय अंधूक उजेडात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करीत नाहीत. कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याचे दार एक मिनिट उघडे ठेवले, तर मिनिटभराचा प्रकाश एकाच चित्रात जमा होतो. गळक्या नळाखाली हात धरला तर तळवा ओला होतो. रात्रभर बादली ठेवली तर सकाळी ती भरलेली असते. नळ तोच, थेंबही तेच. तेजोमेघातील हायड्रोजनचा लाल रंग असा थेंबाथेंबाने गोळा करावा लागतो.

ही गोष्ट प्रथम करून दाखवली ती अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. त्यासाठी कॅमेरा ५१ मिनिटे उघडा ठेवावा लागला. १८८३ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी त्याहून सरस छायाचित्र घेतले. दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे त्यात उमटले होते. हे कॉमन सांडपाण्याच्या यंत्रणेचे अभियंता होते आणि त्यांची दुर्बीण घराच्या बागेत होती! म्हणजे तेजोमेघाचे छायाचित्रण सुरुवातीपासून हौशी माणसांचेही काम आहे.

पुण्याचाही या ढगाशी जुना संबंध आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी तेथे वेधशाळा उभारली आणि याच तेजोमेघाच्या प्रकाशाचा अभ्यास केला. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली व तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज पुण्याच्या मध्यभागी तशी वेधशाळा असती, तरी फारसे दिसले नसते. शहराच्या दिव्यांचा उजेड आकाशात पसरतो आणि त्यात तेजोमेघ बुडून जातो.

म्हणून मी व माझा एक मित्र मुळशी तालुक्यातील उरवडे या गावी गेलो. पौड रस्त्याने पिरंगुटपर्यंत जाऊन तेथून आत वळले की उरवडे लागते. पण येथेही एक अडचण आहे. पुणे शहर उरवड्याच्या पूर्वेला आहे आणि तारे उगवतात पूर्वेलाच. डिसेंबरच्या संध्याकाळी मृग नक्षत्र उगवते ते नेमके शहराच्या पिवळट उजेडात. ते डोक्याजवळ येईपर्यंत मध्यरात्र उलटते. फेब्रुवारीच्या मध्यात मात्र तेच नक्षत्र रात्री साडेआठच्या सुमारास उंच आलेले असते. घरच्यांची परवानगी मिळवायची तर फेब्रुवारी बरा! चंद्रही नसावा. त्यासाठी हिजरी कॅलेंडर पाहणे सोपे. महिन्याच्या २५ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंत रात्रीचा बराच काळ आकाश काळेभोर असते.

आमच्याजवळ मोठी दुर्बीण नव्हती. एक जुना डिजिटल कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स आणि तिपाई, एवढेच सामान होते. लेन्सचा फोकस आधी व्याधाच्या तेजस्वी ताऱ्यावर जुळवला. आता प्रश्न होता पृथ्वीचा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे कॅमेरा स्थिर ठेवला, तर पाच-सहा सेकंदांतच ताऱ्यांच्या रेषा होऊ लागतात. मोठ्या दुर्बिणींना यासाठी महागडी फिरती बैठक असते. आम्ही सुताराकडून फळ्या आणल्या.

ही युक्ती तुम्हीही करू शकाल. दोन फळ्या एका बाजूने बिजागरीने जोडा. खालची फळी तिपाईवर पक्की बसवा, वरच्या फळीवर कॅमेरा लावा. बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटर अंतरावर खालच्या फळीत एक नट बसवा आणि त्यातून ६ मिलिमीटरचा बोल्ट वर येऊ द्या. या बोल्टच्या आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असावे. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत बोल्टला मिनिटात बरोबर एक फेरा द्या. वरची फळी पृथ्वीच्याच गतीने उघडत जाते. २२.९ हा आकडा कोठून आला, ते गणिताच्या शिक्षकांना विचारा. वर्तुळाचा परीघ येत असेल, तर तुम्हीही काढू शकाल.

मात्र बिजागरीची रेषा ध्रुवताऱ्याकडे रोखलेली हवी. उरवड्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली, तर एक मूठ साधारण १० अंशांची होते. म्हणजे दोन मुठींपेक्षा थोडा कमी. आणि उत्तरेकडे तोंड केले असता बिजागरी डाव्या हाताला यावी. पहिल्या रात्री आम्ही ती उजवीकडे ठेवली. फळी उलटी फिरली आणि ताऱ्यांच्या रेषा दुप्पट लांब झाल्या. दोन तास थंडीत बोल्ट फिरवल्याचे ते फळ!

दुसऱ्या खेपेला इशाच्या नमाजानंतर लगेच निघालो. बोल्ट फिरवत असता शेताचे मालक बॅटरी घेऊन आले.

“काय हुडकताय, साहेब?”

“ढग हुडकतोय, काका.”

त्यांनी वर पाहिले. “आज तर एकबी ढग न्हाई.”

मग त्यांना तलवारीतला पुसट ठिपका दाखवला. ते काही बोलले नाहीत. जाऊन गोठ्यावरचा दिवा तेवढा बंद केला. त्या रात्री आम्ही एक-एक मिनिटाची ४० छायाचित्रे घेतली. लेन्सवर दव जमत होते, ते रुमालाने टिपावे लागे. घरी संगणकावर ती सर्व एकमेकांवर बसवली. एका चित्रात दाणेदार कचरा फार दिसतो. अनेक चित्रांची सरासरी घेतली की कचरा कमी होतो आणि ढग उरतो. पडद्यावर गुलाबी पाकळीसारखा एक लहानसा डाग आला. पुस्तकातील चित्राच्या मानाने तो काहीच नव्हता. तरी मी तो बराच वेळ पाहत बसलो.

पुढच्या अमावास्येला त्याची प्रत घेऊन काकांकडे गेलो. गोठ्यावरचा दिवा चालू होता, पण त्याच्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून टोपी बसवली होती. उजेड खाली म्हशींवर पडत होता, वर अंधार होता.