लाकूड जुने, पण शहर किती जुने?

पुरात वाहून आलेला ओंडका तुमच्या शेतात अडकला. म्हणून ते झाड तुमच्याच शेतात वाढले, असे कोणी म्हणेल का? नाही म्हणणार. ही साधी गोष्ट मोठ्या शोधातही विसरून चालत नाही.

गुजरातेत खंबायतचे आखात आहे. आखात म्हणजे जमिनीत आत शिरलेला समुद्र. सन २००१ मध्ये एक बातमी आली. सरकारी संस्थेने यंत्राने तेथील तळाची चित्रे घेतली होती. ३० ते ४० मीटर खोल पाण्यात चौकोनी आकार दिसले. ते घरांच्या पायासारखे वाटले. मग तळ खरवडून वस्तू वर काढल्या. त्यांत दगड होते, खापरे होती, आणि एक लाकडाचा तुकडा होता.

लाकडाची परीक्षा झाली. ती कशी करतात? झाड जिवंत असताना हवेतून कार्बन घेते. त्यातला एक प्रकार झाड मेल्यावर हळूहळू कमी होतो. सुमारे ५७३० वर्षांत तो निम्मा उरतो. किती उरला ते मोजले, की वय कळते.

हे लाकूड निघाले सुमारे ९५०० वर्षांचे! हडप्पा, लोथल ही आपली जुनी शहरे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. मग काय, जगातले सर्वांत जुने शहर आपल्याकडे सापडले, असे लोक म्हणू लागले.

पण जाणकारांनी शंका काढल्या. त्या ऐका.

पहिली शंका. वय लाकडाचे कळले, शहराचे नव्हे. त्या काळी समुद्राचे पाणी आजच्याहून खाली होते. तेथे नुसते रानही असेल.

दुसरी शंका. नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या त्या आखाताला मिळतात. भरती-ओहोटीची ओढही जबर. वस्तू कोठून कोठे वाहत आली, कोण सांगणार?

तिसरी शंका. जमीन खणताना एकेक थर जपून उकलतात. कोणती वस्तू कोणत्या थरात होती, ते लिहून ठेवतात. तळ खरवडला, की सगळे एकत्र होते. ती खूणच पुसली जाते.

मग तेथे काहीच नव्हते का? तसेही म्हणता येत नाही. पुरावा पुरा पडला नाही, एवढेच खरे.

आपला देश जुना आहे, याचा अभिमान जरूर असावा. पण कच्च्या पायावर भिंत चढवू नये. जुन्या वस्तूचे वय कोणी सांगितले, तर दोन प्रश्न विचारावे. वय कशाचे मोजले? ती वस्तू सापडली कशी? विचारण्यात कमीपणा नाही. त्यातच शहाणपण आहे.