आकाश पडद्यावर (लेखांक ४) : मंगळ मागे का फिरतो?

महाबळेश्वरच्या शाळा जूनमध्ये उघडतात आणि नेमके तेव्हाच आकाश मिटते. सप्टेंबर सरेपर्यंत धुके, ढग आणि कोसळणारा पाऊस. एखादी चांदणी दिसली तर नशीब. अशा गावात सूर्यमाला शिकवायची तर वर बोट दाखवून भागत नाही. मागच्या लेखांकात जादूच्या कंदिलाच्या काचा पाहिल्या. आता हलत्या चित्रांकडे येऊ.

आकाशावर चलच्चित्राचा कॅमेरा रोखण्याचा एक अगदी सुरुवातीचा प्रयत्न आपल्याच मुलखावरून गेलेल्या ग्रहणाच्या वेळी झाला. २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. खग्रास ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर चढली आणि ईशान्येकडे सरकत गेली. विजयदुर्गाच्या किल्ल्यात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर दुर्बिणी मांडून बसले होते, तर करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला. नकाशावर या दोन ठिकाणांना जोडणारी रेघ ओढली तर ती कऱ्हाडजवळून जाते. महाबळेश्वर सावलीच्या पट्ट्याबाहेर राहिले. इथून सूर्य पुरता झाकलेला दिसला नाही.

हीच सावली पुढे बिहारात बक्सरला पोचली. तिथे लंडनचा जादूगार नेव्हिल मॅस्केलीन दुर्बिणीला जोडलेला चलच्चित्र कॅमेरा घेऊन हजर होता. त्याने ग्रहण टिपले, पण परतीच्या प्रवासात फिल्म चोरीला गेली. १९०० मध्ये त्याने अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात पुन्हा ग्रहण टिपले. ती मिनिटभराची फिल्म मात्र टिकली आणि २०१९ मध्ये दुरुस्त होऊन लोकांसमोर आली. भारतातली ती रिळे आज हाती असती तर आपल्या मुलांना दाखवायला केवढे मोठे धन झाले असते!

ग्रहणाचे एक बरे असते. खग्रास अवस्था दोनेक मिनिटांत आटोपते, कॅमेरा चालू ठेवला की झाले. ग्रह तसे नाहीत. मंगळाला सूर्याभोवती एक फेरी मारायला ६८७ दिवस लागतात. वर्गातल्या पाऊण तासात हे दाखवायचे तर काळ आवळावा लागतो, आणि सिनेमाची खरी ताकद इथेच आहे. आपल्याकडे ती पहिल्यांदा ओळखली दादासाहेब फाळक्यांनी. १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून, थांबून थांबून चौकटी टिपत त्यांनी ‘अंकुराची वाढ’ केली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत उलगडली. विषय वनस्पतीचा होता, पण ग्रहगती शिकवणाऱ्या चित्रपटालाही चौकट-चौकट जोडण्याचीच युक्ती लागते.

तिचा उपयोग कसा होतो ते मंगळावरूनच पाहू. ‘मंगळ वक्री’ हे शब्द पंचांगात सगळ्यांनी वाचलेले असतात. मंगळ ताऱ्यांमधून एरवी पूर्वेकडे सरकतो. दर २६ महिन्यांनी मात्र तो थबकतो, दोन-अडीच महिने पश्चिमेकडे चालतो आणि पुन्हा मार्गी लागतो. प्रत्यक्षात तो कधीच वळत नाही. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर धावते, मंगळ २४. आतल्या कक्षेतून पृथ्वी त्याला गाठून पुढे निघते, तेव्हा तो मागे पडताना दिसतो. पसरणीच्या घाटात एसटीने ट्रकला मागे टाकले की खिडकीतून ट्रक मागे जाताना दिसतो, तसेच. फळ्यावर हे समजावताना चांगल्या शिक्षकाचीही दमछाक होते. चलच्चित्रात दोन्ही ग्रह कक्षांवर फिरत असतात आणि पृथ्वीपासून मंगळातून दूरच्या ताऱ्यांपर्यंत एक रेघ ओढलेली असते. तिचे टोक पुढे जाते, थांबते, मागे येते, पुन्हा पुढे जाते. मुलांना ते एका दमात कळते.

१९३६ मध्ये अमेरिकेत एर्पी कंपनीने शाळांसाठी ‘द सोलर फॅमिली’ हा अकरा मिनिटांचा चित्रपट काढला. ग्रहांची खरी गती आणि भासणारी गती हा त्यातला एक भाग होता. ग्रहांचा जन्म मात्र त्यात तेव्हाच्या समजुतीप्रमाणे सांगितला होता: सूर्याजवळून एक तारा गेला, त्याने सूर्यातून द्रव्य ओढून काढले. ती कल्पना पुढे मागे पडली. तरी असे जुने चित्रपट मोडीत काढू नयेत, असे मला वाटते. विज्ञान आपले म्हणणे कसे बदलते, हे मुलांना त्यातून दाखवता येते.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे आणि ती आजच्या चित्रपटांतही तशीच आहे. सव्वातीन मीटर रुंद पडद्याच्या एका कडेला सूर्य आणि दुसऱ्या कडेला नेपच्यून खऱ्या प्रमाणात ठेवला, तर सूर्य एक मिलिमीटरचा होतो आणि पृथ्वी दिसेनाशी होते. म्हणून ग्रह फुगवावे लागतात, अंतरे चेपावी लागतात. मुले तेच चित्र खरे धरून बसतात.

यावर उपाय रस्त्यावर आहे. महाबळेश्वरच्या बाजाराच्या पाचगणीकडच्या तोंडाशी एक मीटरचा कागदी सूर्य लावावा. त्याच मापाने पृथ्वी म्हणजे वाटाणा, १०७ मीटरवर. तिच्यापासून वीतभराहून थोडा लांब चंद्र, मोहरीपेक्षा किंचित मोठा. दहा सेंटिमीटरचा गुरू ५६० मीटरवर. शनीसाठी किलोमीटरभर चालावे लागते, युरेनस वेण्णा तलावाच्या आसपास येतो आणि नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा याच मापाने सुमारे ३०,००० किलोमीटर दूर पडतो.

चित्रपट आधी दाखवावा की आधी चालावे? माझ्या मते चित्रपट आधी, पावसाळ्यात, म्हणजे गती मनात बसते. मग ऑक्टोबरात आकाश उघडले की मुलांना रस्त्यावर न्यावे आणि पडद्यावरची अंतरे त्यांच्याच पायांनी दुरुस्त करू द्यावीत.