गरिबी दाखल्यावर मोजावी की मीटरवर?

विजेच्या बिलात सवलत गरिबाला मिळते, एवढं आपण सारे जाणतो. पण गरीब कोण, हे ठरवायचं कसं? त्याच्या मोजपट्ट्या निरनिराळ्या आहेत, आणि त्या माहीत नसल्या तर हक्काची सवलतही हातची जाते.

पहिली मोजपट्टी उत्पन्नाची. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वर्षाला १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त असेल तर पांढरी. २०१४ मध्ये राज्यात अन्नसुरक्षा कायदा लागू झाला, तेव्हा प्राधान्य कुटुंबासाठी शहरात ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार अशी वार्षिक मर्यादा ठरली. म्हणजे शहरात महिन्याला पाच हजारांच्याही आत. आणि ही कमाई साऱ्या घराची मिळून!

नोकरदाराकडे पगाराचा कागद असतो. हमालाकडे, धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे, हातगाडीवाल्याकडे काय असतं? आज काम मिळालं, उद्या नाही. त्यांनी स्वयंघोषणापत्र द्यायचं, तलाठ्याने चौकशी करायची आणि मग तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला मिळायचा. या खेपांमध्ये जेवढे दिवस जातात, तेवढे रोज बुडतात.

विजेच्या दरासाठी मात्र दुसरीच मोजपट्टी आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१६ च्या आदेशात घरगुती ग्राहकांमध्ये ‘दारिद्र्यरेषेखालील’ असा वेगळा गट होता. त्यात बसायला दोन अटी होत्या. मंजूर भार अगदी कमी हवा आणि आदल्या आर्थिक वर्षातला एकूण वापर ३६० युनिटच्या आत हवा. म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिट. शिधापत्रिकेचा रंग इथे कोणी विचारत नव्हतं. गरिबी मोजत होता तो मीटर.

तीस युनिटमध्ये काय भागतं, ते बघू. ७५ वॅटचा एक पंखा दिवसाला बारा तास चालला, तर महिन्याला २७ युनिट होतात. नऊ वॅटचे दोन दिवे पाच-पाच तास लावले, तर आणखी जवळजवळ तीन. झाले तीस! टीव्ही नाही, दुसरा पंखा नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घरी तान्हं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असेल, तर पंखा बारा तासांवर थांबतो का?

त्याच आदेशातली एक अट फार कडक होती. एका वर्षी ३६० चा आकडा ओलांडला, की पुढे वापर कितीही कमी झाला तरी त्या गटात परत येता येत नव्हतं.

मीटर युनिटं मोजतो, माणसं मोजत नाही. एका खोलीत आठ जण राहत असतील, तर वापर वाढणारच. उलट एकटा राहणारा, दिवसभर बाहेर असणारा बऱ्या कमाईचा माणूस कमी युनिटांत बसू शकतो. भाडेकरूची तऱ्हा आणखी निराळी. मीटर मालकाच्या नावाचं, आणि दर मालक सांगेल तो.

इतरांनी हा प्रश्न कसा सोडवला? शेजारच्या कर्नाटकात २०२३ मध्ये ‘गृहज्योती’ योजना आली. तिथे उत्पन्नाची अटच घातली नाही. घराचा आधीच्या वर्षातला सरासरी वापर अधिक दहा टक्के, कमाल २०० युनिट, असा हिशेब ठरला आणि भाडेकरूंनाही सामावून घेतलं. अमेरिकेत १९८१ च्या कायद्याने ऊर्जाबिलासाठी मदत सुरू झाली. तिथली मोजपट्टी उत्पन्नाचीच, पण घरात माणसं जास्त तशी मर्यादाही वाढत जाते. तेवढ्याच कमाईत दोन माणसं जगतात की सहा, हा प्रश्न तिथे आधी विचारला जातो. आपल्याकडे तो विचारायला काय हरकत आहे?

तोवर आपल्या हाती आहे ते करावं. पुढचं बिल आलं की नुसती रक्कम पाहून ते खुंटीला अडकवू नका. ‘मंजूर भार’ आणि ‘दर संकेत’ वाचा. मागच्या महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो, त्याची बेरीज करा. आकडा आणि गट यांचा मेळ बसत नसेल, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शेजारच्या आजींना वाचता येत नसेल, तर त्यांचंही बिल वाचून द्या. त्याला दोन मिनिटं लागतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)