समुद्रावरची सत्ता (भाग ५) : विनाशिका कोणती, फ्रिगेट कोणती?

गेल्या आठवड्यात पाणबुड्या पाहिल्या. आता पाण्यावर येऊ.

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सुरत’ आणि ‘आयएनएस निलगिरी’ एकाच समारंभात नौदलात दाखल झाल्या. दोन्ही माझगाव डॉकने बांधलेल्या. सुरत ७,४०० टनांची विनाशिका. निलगिरी ६,६७० टनांची फ्रिगेट. शत्रूच्या जहाजांवर मारा करणारी ब्राह्मोस क्षेपणास्त्रे सुरतवर १६, निलगिरीवर ८. शत्रूची विमाने आणि क्षेपणास्त्रे पाडणारी बराक-८ मात्र दोघींवर सारखीच, ३२. शत्रूच्या जहाजावर घाव घालण्यात सुरत सरस, पण स्वतःला आणि सोबतच्या जहाजांना वाचवण्यात दोघींत फारसे अंतर उरलेले नाही.

वर्ग कुठला, हे वजनावरून सांगता येईल असे वाटते, पण तसे होत नाही. १८९० च्या दशकातल्या पहिल्या विनाशिका जेमतेम काहीशे टनांच्या होत्या आणि त्यांचे काम एकच, टॉर्पेडो बोटींचा समाचार घेणे. आज अमेरिकेची झुमवाल्ट ही विनाशिका १५ हजार टनांच्या आसपास जाते. उलट जर्मनीची सात हजार टनांहून जड बाडेन-वुर्टेमबर्ग फ्रिगेट म्हणवते. २४८ मीटर लांबीची, सपाट डेकची इझुमो जपानने विनाशिकांच्याच यादीत ठेवली, कारण विमानवाहू नौका बाळगणे तिथे राजकीयदृष्ट्या अडचणीचे होते. अमेरिकेने तर १९७५ साली आपल्या बऱ्याचशा फ्रिगेट कागदावरच क्रूझर करून टाकल्या, कारण क्रूझरच्या मोजणीत सोव्हिएत नौदल पुढे दिसत होते. म्हणून वाचकांनी नावापाशी थांबू नये. जहाजाला किती लांबचे दिसते आणि त्यावर क्षेपणास्त्रे किती, एवढे विचारावे.

आता मोठा प्रश्न. पाण्यावरच्या युद्धनौकांचे दिवस भरले का? १९६७ साली इजिप्तच्या छोट्या बोटींनी इस्रायलची ‘एलात’ बुडवली, तेव्हाही हेच विचारले गेले. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनची ‘शेफील्ड’ गेली, तेव्हा पुन्हा. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनच्या नेपच्यून क्षेपणास्त्रांच्या माऱ्यानंतर रशियाची ‘मॉस्क्वा’ ही क्रूझर काळ्या समुद्रात बुडाली. पुढे स्फोटके भरलेल्या, माणसाविना धावणाऱ्या बोटींनी रशियन ताफ्याला सेवास्तोपोल सोडून नोव्होरोसिस्ककडे सरकायला लावले.

धोका कसा येतो ते पाहा. रडार पाण्यापासून २५ मीटर उंचीवर आहे आणि क्षेपणास्त्र लाटांवरून पाच मीटर उंचीने येते आहे, असे धरू. पृथ्वी गोल असल्यामुळे ते साधारण ३० किलोमीटरवर आल्याशिवाय रडारला दिसतच नाही. वेग ध्वनीपेक्षा थोडा कमी असला तरी कप्तानाच्या हाती उरतात सुमारे १०० सेकंद. ध्वनीच्या दुप्पट वेगाने आले तर ४५. ओळख पटवणे, निर्णय आणि मारा, सगळे तेवढ्यात. इथे खलाशांच्या सरावाला पर्याय नाही.

आणि असा सराव असेल तर जहाज टिकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये लाल समुद्रात अमेरिकेची विनाशिका ‘कार्नी’ तासन् तास हूथींची ड्रोन आणि क्षेपणास्त्रे पाडत राहिली. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्याच ‘ग्रेव्हली’जवळ एक क्षेपणास्त्र जेमतेम मैलभर अंतरावर पोहोचले, तेव्हा ते तिच्या जलदगती तोफेने उडवले. युद्धनौकेचे काम स्वतःच्या बचावापुरतेच नसते. मार्च २०२४ मध्ये आपल्या ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ या अपहृत जहाजावरच्या ३५ चाच्यांना शरण आणले आणि १७ खलाशी सुखरूप सोडवले. मरीन कमांडो विमानातून उतरले हे खरे, पण तासन् तास त्या जहाजाचा पिच्छा पुरवून ते अडवून धरणे युद्धनौकेलाच जमते.

तेव्हा पाण्यावरची युद्धनौका बाद झालेली नाही. तिची खरी मर्यादा आहे भात्याची. उभ्या कप्प्यांतली क्षेपणास्त्रे संपली की भर समुद्रात ती पुन्हा भरता येत नाहीत, बंदर गाठावे लागते. ‘कार्नी’वर सर्व प्रकारच्या क्षेपणास्त्रांसाठी मिळून ९० कप्पे आहेत. सुरतवर ब्राह्मोस आणि बराक मिळून ४८. स्वस्त ड्रोनच्या थव्यांपुढे ३२ बराक कमी पडतील, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पुढच्या विनाशिकेचा आराखडा करताना आधी ही संख्या वाढवायला हवी.