हंगामापूर्वी सायकलही तपासा



गळीत हंगाम तोंडावर आला की आपण बैलगाडीच्या चाकाला वंगण घालतो, ट्रॉलीचे टायर बघतो. पण ओसरीला टेकलेल्या सायकलीकडं कुणाचं लक्ष जात नाही. वास्तविक घरात सर्वांत जास्त राबते तीच. सकाळी दूध घालायला, मग पोरांना शाळेला, दुपारी मळ्यात मोटर चालू करायला. फटफट्या झाल्या तरी शाळेची पोरं आणि मजूर मंडळी अजून सायकलवरच दिसतात.

रस्ते मात्र पूर्वीचे राहिले नाहीत. नाशिकला द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग मिळतात. तिथली वर्दळ आपण जाणताच. हंगामात गावाकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. अशा ठिकाणी ब्रेक लागला नाही तर पोराच्या जिवावर बेतेल. म्हणून आमचं सांगणं एकच : आधी ब्रेक, मग बाकीचं.

चपटा पाना, लहानमोठा होणारा पाना, पेचकस, हातोडी, पंप, पंक्चरचं सामान, ऑईलची कुपी आणि थोडं ग्रीस एवढं घरात असलं की पुरे.

१) ब्रेक : ब्रेक सोडल्यावर रबर आणि रिम यांत सुमारे ३ मि.मी. अंतर असावं. जास्त असेल तर दांडीचा नट सैल करून जुळवून घ्या. रबर झिजून लोखंडी बूट रिमला लागायची वाट पाहू नका. नवीन रबर बसवताना बुटाची बंद बाजू चाक फिरण्याच्या दिशेला ठेवा. उलटी बसली तर ऐन ब्रेकच्या वेळी रबर निसटून बाहेर येतं. रिमला तेलाचा हात लागू देऊ नका. लागलाच तर सोड्याच्या पाण्यानं धुवून कोरडा करा.

२) चेन : चेन मधोमध वर-खाली सुमारे अर्धा इंच हलावी. फार ढिली झाली तर उतरते, फार ताणली तर पायडल जड जातं. मागच्या चाकाचे नट सैल करून चाक मागं ओढा, मात्र चाक दोन्ही बाजूंनी मधोमध राहिलं पाहिजे. चेन झिजली की नाही हे पट्टीनं कळतं. नव्या चेनच्या एका पिनेपासून मोजत गेलं तर २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. तेच अंतर १२ इंच आणि वर एक सूत भरलं की चेन बदलावी, नाहीतर ती दातेही खाऊन टाकते. जोडकडीची क्लिप बसवताना तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं.

ट्रॅक्टरचं जळकं ऑईल कित्येक जण चेनला फासतात. त्यात कीस असतो, वर धूळ चिकटते आणि चेन कानसल्यासारखी झिजते. चेन रॉकेलनं धुवा, वाळवा, प्रत्येक कडीवर साध्या पातळ तेलाचा थेंब सोडा आणि जास्तीचं फडक्यानं पुसून घ्या.

३) पायडल आणि कॉटर पिन : दर फेऱ्याला 'कट्' असा आवाज आला की बहुधा कॉटर पिन ढिली झालेली असते. नुसता नट आवळून ती बसत नाही. क्रँकखाली लाकडाचा ठोकळा धरून पिन हातोडीनं नीट ठोका, मग नट आवळा. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट बाजूंनी घालाव्या, तरच क्रँक एका रेषेत येतात. चार-दोन दिवस चालवून नट पुन्हा तपासा.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरून पुष्कळांनी क्रँकचे आटे घालवलेत. खूण सोपी : पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या मागच्या चाकाकडं फिरवला की दोन्ही पायडलं सैल होतात.

४) चाक : रिम धरून आडवी हलवा. खडखड झाली तर कोन थोडा आवळा. मग चाक उचलून सोडा, व्हॉल्व्हचं वजन हलकेच खाली येऊन थांबलं म्हणजे कोन ठीक. अडखळत असेल तर जास्त आवळला आहे. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, छर्रे काढून धुवावेत आणि नवं ग्रीस भरावं. एकही छर्रा टवका उडालेला दिसला तर त्या बाजूचा सगळा संच बदला.

५) पंक्चर : हवा गेली की लगेच टायर काढू नका. आधी व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहा, बुडबुडा आला तर दोष व्हॉल्व्ह ट्यूबचा. ती बदलली की काम झालं. पंक्चरच असेल तर ट्यूब पाण्यात धरून भोक शोधा. जागा खरबरीत करा, सोल्युशन लावून ते चिकट होईपर्यंत थांबा आणि मगच पॅच दाबा. घाईनं लावलेला पॅच दोन दिवसांत सुटतो. टायरच्या आतून हात फिरवून बाभळीचा काटा मात्र काढाच, नाहीतर उद्या पुन्हा तेच. टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी शेवट करा, तोही अंगठ्यांनी. पेचकसानं ट्यूब चिमटून फाटते.

आता एक गंमत. ही हवेची टायर १८८८ मध्ये पेटंट करणारा डनलॉप हा बेलफास्टचा पशुवैद्य होता. ती त्यानं पहिल्यांदा बनवली ती आपल्या लेकाच्या तीनचाकीसाठी. म्हणजे जनावरांच्या डॉक्टरनं पोराच्या सोयीसाठी केलेलं काम जगभर पोचलं. आणि नाशिकचंच सांगायचं तर डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० कि.मी.ची शर्यत जोडीनं पूर्ण केली. सायकल नीट असेल तर माणूस कुठवर जातो ते यावरून ध्यानात यावं.

आऊट गेलेलं चाक, वाकलेला फोर्क आणि फ्रीव्हील उघडणं ही कामं मात्र कारागिराकडेच द्यावीत. त्यात घरचा प्रयोग महागात पडतो.

शेवटी, मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि पुढं दिवा लावा. रात्री उसाची ट्रॉली मागून येत असते, तिच्या चालकाला सायकल दुरून दिसलीच पाहिजे. बेणं निवडताना आपण डोळा न डोळा पारखतो. तीच नजर येत्या रविवारी तासभर सायकलीवर फिरवा, आणि पोरालाही शेजारी बसवून पाना हातात द्या. उद्या रस्त्यात अडला तर त्याचं त्याला निभावता येईल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग