इंद्रायणी सगळ्यांना हवी, खाचर कोणाला?

शाश्वत शेती आणि हवामानाचे तडाखे सोसणारी अन्नव्यवस्था या विषयांवरच्या बैठका हल्ली लोणावळ्याच्या रिसॉर्टांतही भरतात. अधूनमधून मलाही बोलावणं येतं. पडद्यावर केनिया असतं, व्हिएतनाम असतं, जेवायला बासमतीचा पुलाव असतो. खिडकीतून दिसणाऱ्या खाचरांचं नाव कोणी काढत नाही. म्हणून या आढाव्याचा पट मी मुद्दाम आखूड धरलाय : खंडाळ्याच्या घाटमाथ्यापासून तळेगावपर्यंत. नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळ. बस.

या पट्ट्याला पोटाची चिंता वाहायची सवय जुनी आहे. कार्ल्याच्या शिलालेखांत मामाल प्रांतातलं करजक गाव लेण्यांतल्या भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामाच्या निर्वाहासाठी दिल्याची नोंद आहे; आधी नहपानाचा जावई उषवदात याने, मग सातवाहनांनी. सत्ता बदलली, पण धान्य पुरवायचं काम गावाकडेच राहिलं.

धरणांचा इतिहास मी भराभर उरकतो, कारण त्यावर पुष्कळ लिहून झालंय. खोपोलीच्या (1915) आणि भिवपुरीच्या (1922) वीजघरांसाठी टाटांनी घाटमाथ्याचं पाणी कोकणात उतरवलं. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला गेलं आणि बंद जलवाहिनीच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरलेल्या आंदोलकांवर गोळीबार होऊन तिघांचा जीव गेला. तळेगावचं फुलांचं उद्यान, पवन मावळातले व्हॅलेंटाइनचे गुलाब, कासारसाईचा साखर कारखाना यांची कौतुकं इतरांनी केलीच आहेत. गुलाबावर माझा राग नाही, पण गुलाबाची भाकरी होत नाही.

माझा जीव वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात अडकलाय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने 1987 मध्ये इंद्रायणी दिली. तिचे आईबाप बघा. एक आंबेमोहोर 157 : वासाचा राजा, पण उंच वाढणारा आणि आश्विनातल्या वाऱ्यापावसात लोळणारा. दुसरा फिलिपिन्सहून जगभर गेलेला ठेंगणा, भरघोस आयआर-8. या दोघांच्या संकरातून घराघरांतला तो मऊ, किंचित चिकट, वासाचा भात जन्मला. ‘आंबेमोहोर गेला आणि मावळाची चव गेली’ असं उसासणारी एक मंडळी आहे. त्यांच्या हळवेपणाला माझा नमस्कार. पण लोळलेला आंबेमोहोर चिखलातून उचलायला त्यांच्यातलं कोणी आल्याचं मला आठवत नाही.

वाणाने निम्मं काम केलं. उरलेलं निम्मं चारसूत्रीने करायचं होतं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

डॉ. ना. कृ. सावंत अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ. खाचरात युरिया फोकला की निम्म्याहून अधिक नत्र हवेत उडतं नाहीतर पाण्याबरोबर वाहून जातं, हे त्यांचं मूळ दुखणं. लोणावळ्याकडच्या पावसात तर बांध फुटून खतासकट सगळंच खालच्या खाचरात जातं. सावंतांनी उपाय मांडला तो चार सूत्रांत. पहिलं, भाताचा पेंढा आणि तुसाची राख भातालाच परत द्या, म्हणजे सिलिका मिळून रोप काटक होतं. दुसरं, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीआधी खाचरात घाला. तिसरं, दोन-तीन रोपांचा चूड, पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरच्या आलटून पालटून अंतरावर, दोरी धरून. चौथं, लावणीच्याच दिवशी जवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल.

ही गोळी जेमतेम पावणेतीन ग्रॅमची. हेक्टरी 62,500 गोळ्या, म्हणजे सुमारे 170 किलो. बाई वाकून डाव्या हाताने कमरेच्या पिशवीतून गोळी काढते, उजव्या अंगठ्याने चिखलात रेटते आणि बोट बाहेर काढताना भोक आपसूक मिटतं. मिटलं नाही तर खत वाया. सगळं शास्त्र त्या अंगठ्यात आहे. याच खोल गोळीला बांगलादेशात ‘गुटी युरिया’ म्हणतात आणि तिथे तिचा मोठा प्रसार झाला. आमच्याकडे मात्र वातानुकूलित खोलीतल्या एका तज्ज्ञांनी मला सुनावलं होतं, ‘‘एवढं कोण वाकणार?’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, लावणीला बायका दिवसभर वाकलेल्याच असतात. तुम्ही फक्त गोळी वेळेवर पोचवा.’’ गोळी वेळेवर पोचायची नाही, हे खरं दुखणं. जूनमध्ये हवी ती श्रावणात यायची आणि शेतकरी पुन्हा युरियाचं घमेलं उचलायचा. पद्धत फसली म्हणायला मग हेच तज्ज्ञ पुढे.

घाटाखाली नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र उभं केलंय : गादीवाफे, नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. चिखलणीत वाढलेल्या माझ्यासारख्याला ते पचायला जड, पण मजूरटंचाईवरचं ते प्रामाणिक उत्तर आहे हे कबूल करतो. कारण इर्जिक मोडली. आज याच्या, उद्या त्याच्या खाचरात अख्खी आळी उतरायची. आता तरणी पोरं तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत पाळीवर असतात. भात निघाल्यावर उरल्या ओलीवर हरभरा-मसूर टाकणारेही कमी झाले. 2019च्या ऑक्टोबरसारखा पाऊस कापणीत आला की उरलीसुरली उमेदही भिजते.

तरीही खरं संकट पावसाचं नाही. शहरात जिथेतिथे इंद्रायणीची पोती विकली जातात. कोल्हापूरकडे पिकलेलीही इंद्रायणीच, तिच्याशी माझं वैर नाही. पण तिच्या जन्मगावची खाचरं मुरूम टाकून बुजतात, त्यावर कुंपण येतं, आत हिरवळ आणि पोहण्याचा तलाव. खाचर नुसती जमीन नसते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिखलणीने तळाशी घट्ट थर बसलेला असतो, बांधांची उतरण ठरलेली असते. मधलं एक बुजलं की खालच्या चारांची पाण्याची वाट चुकते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गोळ्या बनवायचं यंत्र गावागावातल्या बचत गटांकडे द्या, म्हणजे कोणाच्या गाडीची वाट पाहावी लागणार नाही. आणि तालुक्याच्या विकास आराखड्यात भातखाचरांना वेगळा रंग देऊन त्या रंगावर बिनशेतीचा शिक्का बसणार नाही असं लिहून टाका. एवढं झालं की वाण कोणता, खत कोणतं, चिखलणी हवी की नको यावर माझ्याशी खुशाल भांडा. त्या भांडणाला मी कायम तयार आहे.